मुलांच्या हातातील मोबाइल आणि वडीलधाऱ्यांचे दायित्व

सन २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दोन गावांनी मुलांच्या मोबाइलविषयी दोन निराळे ठराव केले. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने असे ठरवले की, रोज सायंकाळी ७ वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजला म्हणजे पुढचा दीड तास घराघरांतील टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील, आणि त्या अवधीत मुले अभ्यासाला व वडीलधारी माणसे वाचनाला अथवा परस्परांशी बोलायला बसतील. त्याच वर्षाच्या उत्तरार्धात यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बान्सी गावाच्या ग्रामसभेने १८ वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास साफ मज्जाव केला आणि ठराव मोडल्यास २०० रुपये दंडाची तजवीज केली. दोन्ही गावांचा हेतू निर्मळ होता. करोनाच्या काळात शिक्षणाच्या निमित्ताने मुलांच्या हाती गेलेले यंत्र शाळा उघडल्यावरही सुटत नाही, हे पाहून व्यथित झालेल्या माणसांनी उचललेली ती पावले होती. परंतु बान्सीच्या ठरावाने मुलांना बांधले, आणि वडगावच्या भोंग्याने मुलांबरोबर त्यांच्या आईबापांनाही बांधले. वडगावचा ठराव अभ्यासासाठी होता, अश्लील चित्रफितींसाठी नव्हता, हे खरे. तरीही इंटरनेटवरील प्रौढांसाठीच्या मजकुरापासून मुलांना दूर ठेवण्याची जबाबदारी कोणाची आणि ती कशी पार पाडावी, या प्रश्नाचा विचार करताना मला तो भोंगाच अधिक मार्गदर्शक वाटतो.

मोबाइल मुलांच्या हाती मुलांच्या हट्टाने गेला, हा आपल्या समाजाने स्वतःच्या समाधानासाठी करून घेतलेला समज आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली, पाठोपाठ इतर कंपन्यांनीही दर उतरवले, आणि जे इंटरनेट तोवर शहरातील सुखवस्तू घरांपुरते व सायबर कॅफेच्या तासाच्या भाड्यापुरते मर्यादित होते ते दोन-तीन वर्षांत वाडीवस्तीवर जाऊन पोहोचले. तरीसुद्धा बहुसंख्य घरांत ते यंत्र वडिलांच्या खिशातच राहत होते. २०२० च्या मार्चमध्ये शाळांना कुलपे लागली, तेव्हा शासनाने, शाळेने आणि आपण स्वतः ते तिथून काढून मुलांच्या ओंजळीत ठेवले. वर्ग त्याच्यावर, गृहपाठ त्याच्यावर, शिक्षकांच्या सूचना त्याच्यावर. ज्यांच्याकडे नव्हते त्यांनी कर्ज काढून, क्वचित दावणीचे जनावर विकूनही ते आणले. त्या वेळी त्याचा उपयोग कसा करावा, काय पाहावे, काय आपोआप समोर येते आणि ते आल्यास काय करावे, याविषयी एका ओळीचे परिपत्रकही बहुतेक पालकांच्या हाती पडले नाही. प्रथम संस्थेच्या ‘असर’ पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील १४ ते १६ वर्षे वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. पाहणीच्या आदल्या आठवड्यात त्याचा उपयोग अभ्यासासाठी केल्याचे ५७ टक्क्यांनी सांगितले, आणि समाजमाध्यमांसाठी केल्याचे ७६ टक्क्यांनी. ही मुले बिघडलेली नाहीत. ज्या दाराने आपण त्यांना आत सोडले त्या दारामागे शाळेच्या एका वर्गाबरोबर साऱ्या जगाचा बाजार भरलेला होता, एवढाच त्या आकड्यांचा अर्थ आहे.

पूर्वीच्या काळी मुले आणि मोठ्यांचा मजकूर यांच्यामध्ये नेहमी कोणी तरी तिसरा मनुष्य उभा असे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने प्रौढांसाठीच्या चित्रपटास ‘ए’ प्रमाणपत्र दिले, की चित्रपटगृहाच्या दारावरचा माणूस मिसरूडही न फुटलेल्या पोराला परत पाठवी. निदान त्याने तसे करावे अशी कायद्याची अपेक्षा असे. भारतीय दंडसंहितेच्या २९३ व्या कलमाने २० वर्षांखालील व्यक्तीस अश्लील वस्तू विकणे हा स्वतंत्र आणि अधिक गंभीर गुन्हा ठरवला होता, आणि जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या २९५ व्या कलमात, बालकांना विक्री करणाऱ्यांसाठी, कायम राहिली आहे. एसटी स्थानकावरच्या पुस्तकांच्या गाड्यावर पिवळ्या कागदात गुंडाळलेली मासिके मिळत, हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ती मागायला लागणारे धैर्य, विक्रेत्याच्या नजरेची भीती, ओळखीचा कोणी पाहील ही धास्ती आणि खिशात नसलेले पैसे, या चार गोष्टी मिळून जो अडसर तयार होई तो कोणत्याही कायद्यापेक्षा भक्कम होता. आज तो तिसरा मनुष्य नाहीसा झाला आहे. ‘माझे वय १८ वर्षांहून अधिक आहे’ या वाक्यावर बोट ठेवणे म्हणजेच वयाचा दाखला, अशी व्यवस्था वर्षानुवर्षे चालू राहिली, आणि जगातील मोठमोठ्या कंपन्यांनी तिच्यावर अमाप नफा मिळवला. ज्या वयात मुलाला न विचारता काहीच मिळत नाही, त्या वयात हे मात्र न मागताही मिळते. एखादा खेळ खेळत असताना, एखादे गाणे शोधताना, मित्राने पाठवलेल्या दुव्यावरून.

राज्यसंस्थेने काहीच केले नाही असे म्हणता येणार नाही. २०१५ च्या जुलैअखेर केंद्र सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम काढला, आणि त्यावर काहूर माजताच अवघ्या काही दिवसांत तो सौम्य केला. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ८२७ संकेतस्थळांवर पुन्हा बंदी आली, आणि थोड्याच अवधीत त्याच मजकुराला दुसऱ्या पत्त्यांवरून वाटा फुटल्या. ब्रिटनने २५ जुलै २०२५ पासून अशा संकेतस्थळांना वयाची खरी तपासणी सक्तीची केली, तेव्हा आपला ठावठिकाणा लपवणाऱ्या व्हीपीएन ॲपांचा खप त्या देशात एकाएकी वाढला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली आहे. अमेरिकेचा प्रवास विशेष उद्बोधक आहे. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये या विषयावरचा पहिला मोठा कायदा अतिव्याप्त म्हणून रद्द केला. २००४ मध्ये दुसऱ्या कायद्याच्या संदर्भात, घरच्या संगणकावर पालकांनी गाळणीची आज्ञावली बसवणे हा मोठ्यांच्या वाचनस्वातंत्र्याला कमी बाध आणणारा उपाय आहे, असा कौल दिला. आणि २०२५ च्या जूनमध्ये मात्र, विक्रेत्यानेच ग्राहकाचे वय पडताळावे, हा टेक्सास राज्याचा कायदा त्याने वैध ठरवला. म्हणजे सारा भार पालकांवर टाकून पाहिल्यावर, तो एकट्या पालकांना पेलत नाही, अशा समजुतीपर्यंत तो देश येऊन ठेपला आहे. मी या सर्व उपायांचा विरोधक नाही. ज्याने माल विकून पैसा मिळवला त्याने ग्राहकाचे वय पाहावे, ही अपेक्षा गाड्यावरच्या गरीब विक्रेत्याकडून आपण शतकभर केली, ती अब्जाधीश कंपनीकडून करू नये याला काही कारण नाही. तथापि, कोणतीही सरकारी भिंत उभी राहिली तरी तिच्यात फट राहणार, आणि त्या फटीतून जे आत येईल त्याला सामोरे जाण्याचे काम घरातल्या माणसांनाच करावे लागणार. ते काम सरकारच्या, शाळेच्या अथवा कंपनीच्या नावे लिहून देता येत नाही.

आपल्याकडील कायदा आता पालकांना नावाने हाक मारू लागला आहे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी ओटीटी मंचांवर वयोगटानुसार वर्गवारी आणि १३ वर्षांवरील वर्गाच्या मजकुरासाठी पालकांच्या हाती राहणारे कुलूप देण्याची सक्ती केली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने, १८ वर्षांखालील मुलाची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घेणे कंपन्यांवर बंधनकारक केले. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून संमतीविषयीच्या तरतुदींच्या अंमलबजावणीसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. ही दिशा योग्य आहे. पण ज्या घरासाठी हे नियम लिहिले गेले ते घर कोणते, असा प्रश्न मला पडतो. ज्या घरात आईचा एक, वडिलांचा एक आणि मुलाचा एक असे तीन मोबाइल आहेत, आईवडिलांना इंग्रजी सूचना वाचता येतात, त्या घरात पालकांची संमती हा शब्द अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्रातील असंख्य घरांत मात्र एकच यंत्र असते. ते दिवसा वडिलांबरोबर कामावर जाते, संध्याकाळी मुलाच्या हाती येते, आणि त्यातील खाते, परवलीचा शब्द व ॲप यांची मांडणी त्या मुलानेच केलेली असते. आईच्या बँकेचा ओटीपी तोच वाचून दाखवतो, वडिलांचा रिचार्ज तोच मारतो, रेशनकार्डाची ई-केवायसी तोच करून देतो. अशा घरात पालकांच्या संमतीचा ओटीपी येईल तो त्याच मुलाच्या हातात येईल, आणि संमती देणाराही तोच असेल. ज्याच्यावर देखरेख करायची त्याच्याच हाती घराची सारी मुखत्यारी गेलेली आहे, ही आजच्या पालकत्वाची खरी अडचण आहे, आणि ती लाज बाळगण्याजोगी मुळीच नाही. न शिकलेल्या अथवा कमी शिकलेल्या आईला मोबाइलमधली खुबी कळत नाही म्हणून तिने आपला अधिकार सोडून द्यावा, असे नाही. मुलाच्या शेजारी बसून ‘हे काय आहे, मला दाखव’ असे विचारण्याला साक्षरता लागत नाही.

कुलुपांचा उपयोग आहेच. अँड्रॉइडवरील फॅमिली लिंक, आयफोनमधील स्क्रीन टाइम, शोधयंत्रातील सुरक्षित शोधाची सोय, घरातील वायफायच्या राउटरवरच अश्लील संकेतस्थळे गाळणारी मांडणी, हे सारे मोफत अथवा अल्प श्रमात होण्याजोगे आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत, जिथे धोका मुख्यतः चुकून नजरेस पडण्याचा असतो, तिथे हे न करणे मी पालकांची हयगय समजतो. पण चौदा-पंधराच्या मुलाला ही कुलपे उघडता येतात, आणि त्याला उघडता आली नाहीत तर त्याच्या मित्राला येतात. शिवाय व्हॉट्सॲपवर कोणी पाठवलेली चित्रफीत ही कोणत्याही गाळणीतून जात नाही. ती सरळ येते.

आणि ती येते कोठून? येथे वडीलधाऱ्यांच्या जबाबदारीचा जो भाग आपण नेहमी टाळतो त्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. जुन्या वर्गमित्रांचे, कार्यालयातील सहकाऱ्यांचे, गल्लीतील मंडळाचे, भावकीतील पुरुषांचे असे गट असतात, आणि त्यांत विनोदाच्या नावाखाली दिवसभर जे फिरत असते ते वडिलांच्या मोबाइलमध्ये आपोआप उतरवले जाऊन छायाचित्रांच्या संग्रहात, मुलीच्या वाढदिवसाच्या आणि गणपतीच्या फोटोंच्या शेजारी, जाऊन बसते. सहा वर्षांचे मूल वाढदिवसाचे फोटो पाहायला तो संग्रह उघडते. ज्या यंत्रावर मुलाचा शोधइतिहास तपासायचा त्या यंत्रावर आधी वडिलांचाच शोधइतिहास असतो, आणि ते यंत्र पुढच्या खेपेस त्याच वळणाचा मजकूर समोर आणते, कारण पाहणारा कोण हे त्याला समजत नाही. प्रौढ माणसाने आपल्या खासगीपणात काय पाहावे, याचा न्याय करायला मी बसलेलो नाही; तो त्याचा हक्क असेल. पण ज्या यंत्रात मुलाचा वाटा आहे ते यंत्र खासगी राहिलेले नसते, आणि त्यावरील प्रौढाचा हक्क मुलाच्या हिताने मर्यादित होतो. ते गट सोडून द्यावेत, निदान त्यांतील चित्रफिती आपोआप उतरण्याची सोय बंद करावी, मुलाला देण्याचा मोबाइल शक्य असेल तर निराळा ठेवावा, आणि नसेल तर तो देण्यापूर्वी स्वतः रिकामा करावा, ही पालकांच्या जबाबदारीची पहिली पायरी आहे. ती मुलाकडे बोट दाखवण्यापूर्वी चढावी लागते. मी वडगावच्या भोंग्याचा उल्लेख प्रारंभी केला तो यासाठी: जे बंधन मोठी माणसे स्वतः पाळत नाहीत ते मुलांच्या मनात नियम म्हणून उतरत नाही, केवळ बळजबरी म्हणून उतरते, आणि बळजबरीवर उपाय शोधण्यात मुले पटाईत असतात.

आता या विषयाच्या गाभ्याकडे येतो. मुलगा अथवा मुलगी त्या चित्रफितींकडे जाते ती पुष्कळदा कुतूहलापोटी जाते, आणि हे कुतूहल त्या वयात निसर्गानेच त्यांच्या ठायी ठेवलेले असते. आपल्या शरीरात जे पालटत आहे ते काय, इतरांचेही असेच होते का, स्त्री-पुरुषांचे नाते म्हणजे नेमके काय, यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर मराठी मध्यमवर्गीय घरात, आणि शेतकऱ्याच्या अथवा कामगाराच्या घरातही, सहसा मिळत नाही. मुलीला पहिल्या पाळीच्या वेळी आई अथवा मावशी शिवाशिवीचे आणि कापडाचे बोलते, त्यापुढे काही नाही. मुलाला तेवढेही नाही. ज्याविषयी घर मौन पाळते, शाळा धडा वगळून पुढे जाते, त्याविषयी बोलणारा एकच शिक्षक उरतो, आणि तो पैशासाठी बोलणारा असतो. त्याच्या शिकवण्यात स्त्रीची संमती नसते, आपुलकी नसते, परिणामांची जाणीव नसते. क्रौर्य असते, आणि ते सर्वसामान्य व्यवहार म्हणून दाखवलेले असते. नग्न देहाचे दर्शन घडले म्हणून मूल बिघडते, अशी मला भीती वाटत नाही. दुसऱ्या माणसाच्या देहाचा वापर करता येतो, आणि तसा वापर हेच पौरुष, हा धडा त्याच्या मनात त्याला प्रतिवाद करण्याची ताकद येण्यापूर्वीच मुद्रित होतो, ही खरी हानी आहे. ती मुलाची होते, तशीच त्याच्या आयुष्यात पुढे येणाऱ्या स्त्रीचीही होते.

या मौनाविरुद्ध महाराष्ट्रात कोणी उभे राहिले नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ च्या जुलैत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले, आणि १९५३ मध्ये निधन होईपर्यंत, नोकरी गमावून व समाजाचा रोष पत्करून, ते चालवले. लैंगिक विषयांवर वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना शास्त्रीय उत्तरे द्यावीत, हा त्या मासिकाचा एक मुख्य उद्योग होता. तशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यायालयात उभे राहिले, आणि तरीही कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. प्रश्न विचारणारे वाचक खरे होते, त्यांचे अज्ञान खरे होते, त्यांचे क्लेश खरे होते. आणि उत्तर देणाऱ्याला शिक्षा झाली. त्यानंतर ७३ वर्षांनी, २००७ मध्ये, केंद्राने आखलेला किशोरवयीन मुलांसाठीचा शिक्षणक्रम शाळांत आणण्याची वेळ आली तेव्हा याच महाराष्ट्राने, संस्कृतीच्या नावाने उठलेल्या गदारोळापुढे मान तुकवून, त्याला मनाई केली. त्या वर्षी सातवीत असलेली मुलेमुली आज तिशीत आहेत आणि त्यांतील अनेक जण स्वतः आईबाप झाले आहेत. त्यांना शाळेने काही सांगितले नाही, घराने काही सांगितले नाही, आणि आज त्यांच्याकडून आपण अशी अपेक्षा करतो की त्यांनी आपल्या मुलांशी या विषयावर निःसंकोच बोलावे. ही भाषा त्यांना कोणी दिली? म्हणून ज्यांना बोलणे जमत नाही त्या पालकांना दूषण देण्याची मला इच्छा होत नाही. परंतु ज्यांना ते जमत नाही त्यांनी, शाळेने निदान आपल्या वतीने बोलावे, एवढा आग्रह तरी धरावा, आणि कोणी शिक्षिका धैर्याने तो धडा शिकवू लागली तर तिच्याविरुद्ध तक्रारअर्ज घेऊन मुख्याध्यापकांच्या दालनात जाऊ नये.

कोणत्या वयात काय सांगावे, याचे फार मोठे शास्त्र नाही. लहान मुलाला त्याच्या अवयवांची खरी नावे, कोणी कोठे हात लावू नये, आणि तसे झाल्यास न भिता आईला अथवा वडिलांना सांगावे, एवढे पुरे असते. दहा-अकराव्या वर्षी, शरीर पालटण्यापूर्वी, ते कसे पालटेल हे सांगावे. आणि मोबाइल हाती देण्याच्या दिवशीच, न अडखळता, असे सांगावे की या यंत्रात नागड्या माणसांच्या चित्रफिती आहेत, त्या कधी तरी तुझ्यासमोर येतील, त्या पैशासाठी रचलेल्या असतात आणि त्यांत माणसे ज्या रीतीने वागतात तशी प्रेमाची माणसे वागत नाहीत. तुझ्यासमोर त्या आल्या तर तो तुझा अपराध नव्हे, पण तू मला सांग. एवढे पाच वाक्यांचे बोलणे ज्या घरात झाले आहे त्या घरातले मूल, आणि ज्या घरात झालेले नाही त्या घरातले मूल, यांच्यात पुढे संकट आले असता जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

कारण संकट येते ते बहुधा चित्रफीत पाहण्याने येत नाही, त्यानंतर येते. समाजमाध्यमावर कोणी अनोळखी व्यक्ती मैत्री करते, छायाचित्र मागते, आणि ते मिळाले की धमकावू लागते. त्या घटकेला मूल कोणाकडे जाते? ज्या घरात मोबाइलमध्ये काही सापडले की आधी कानशिलात बसते आणि मग मोबाइल जप्त होतो, त्या घरातील मुलाच्या दृष्टीने खरे बोलण्याची किंमत फार मोठी असते. ते गप्प राहते, पैसे चोरून धमकावणाऱ्याला पाठवते, आणखी छायाचित्रे देते, आणि क्वचित आपल्या जिवाचे बरेवाईट करून घेते. म्हणून कबुली दिल्याबद्दल शिक्षा नाही, हा नियम प्रत्येक घराने आधीच जाहीर करून ठेवावा आणि वेळ आल्यावर, राग कितीही अनावर झाला तरी, पाळावा. अशा प्रसंगी धमकावणाऱ्याला पैसे देऊ नयेत, संभाषण पुसून टाकू नये, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर अथवा नजीकच्या पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. मुलांसाठीची १०९८ ही मदतवाहिनी चोवीस तास चालू असते.

कायद्याची आणखी एक बाजू पालकांना ठाऊक असायला हवी, आणि ती फारच थोड्यांना ठाऊक असते. १८ वर्षांखालील व्यक्तीचे लैंगिक स्वरूपाचे चित्र बाळगणे, पाहणे अथवा पुढे पाठवणे यांविषयी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६७-ब आणि पॉक्सो कायद्याचे कलम १५ अत्यंत कडक आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात त्यांचा अर्थ अधिकच व्यापक केला आहे. दोन वर्गमित्रांनी परस्परांना पाठवलेली छायाचित्रेही त्या कक्षेत येऊ शकतात. एखाद्या संतापलेल्या बापाने मुलाच्या मोबाइलमध्ये सापडलेले वर्गभगिनीचे छायाचित्र पुरावा म्हणून मुख्याध्यापकांना, तिच्या वडिलांना आणि दोन नातलगांना पाठवले, तर त्याने त्या मुलीची विटंबना तर केलीच, शिवाय स्वतःलाही गुन्ह्याच्या कक्षेत ओढून घेतले. ते चित्र कोणालाही पाठवायचे नाही. यंत्र पोलिसांच्या हवाली करून त्यांना सांगायचे. त्याच निकालपत्रात न्यायालयाने लैंगिक शिक्षणाविषयीच्या आपल्या देशातील गैरसमजांचाही परामर्श घेतला आहे, हे महाराष्ट्राच्या शिक्षणखात्याने लक्षात घ्यावे.

पालकांची जबाबदारी सर्वांवर सारखी टाकता येत नाही, हेही बोलले पाहिजे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मागे राहिलेली मुले आजीआजोबांजवळ असतात, आणि आईचा आवाज ऐकण्याचे एकच साधन म्हणून त्यांच्याजवळ मोबाइल असतो. त्या आईने कोणती देखरेख करावी? पुण्यात दोन घरची धुणीभांडी करून रात्री परतणाऱ्या बाईला शोधइतिहास तपासायला सांगणारे आपण कोण? तिच्या बाबतीत शेजार, शाळा आणि शासन यांनी पालक व्हायचे असते; हंगामी वसतिगृहातील अधीक्षकाचे, अंगणवाडीताईंचे आणि आशाताईंचे प्रशिक्षण यासाठीच हवे. जिथे वेळ आहे, शिक्षण आहे, पैसा आहे, आणि तरीही मूल जेवत नाही म्हणून दोन वर्षांच्या पोराच्या हाती मोबाइल देण्यापासून ज्याची सुरुवात होते, तिथे मात्र सबब ऐकून घेण्याचे कारण नाही.

हे सारे एकेकट्या घराने करायचे म्हटले तर ते टिकत नाही, कारण आपल्या घरी नसलेला मोबाइल मुलाला शेजारच्या घरी मिळतो. वडगावचा उपक्रम शक्य झाला तो सारे गाव एका वेळी बसल्यामुळे. सुदैवाने पालकांना एकत्र बसवणारी एक कायदेशीर संस्था आपल्याजवळ आधीच आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने स्थापन झालेल्या शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. आणि खासगी विनाअनुदानित शाळांतही पालक-शिक्षक संघ असतात. या बैठकांत आजवर शालेय पोषण आहार, गणवेश, स्वच्छतागृहे आणि सहल यांवर चर्चा झाली, ती योग्यच होती. ज्या वाचकांची मुले आज शाळेत आहेत त्यांना माझी विनंती आहे की, पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय लेखी अर्ज देऊन घालून घ्यावा. कोणत्या इयत्तेपर्यंत मुलांना स्वतंत्र मोबाइल द्यायचा नाही हे सर्व पालकांनी मिळून ठरवावे, संध्याकाळचा एक तास मोठ्यांसह सर्वांनी मोबाइल बाजूला ठेवण्याचा ठराव करावा, शरीरशिक्षणाचा वर्ग कोण आणि कधी घेणार हे मुख्याध्यापकांकडून लिहून घ्यावे, आणि त्या बैठकीला आईबरोबर वडिलांनीही हजर राहावे.